दत्ताच्या तसबिरीमागची जाहिरात

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. ठिकाण : सातारा, सुभेदारांचं घर. हजर : सुभेदार, त्यांच्या पत्नी म्हणजे वहिनी, विट्याहून आलेले ड्रॉइंगचे सर, मी, आणि गाडी चालवायला म्हणून माझा नवरा. गैरहजर : कोणी नाही.

बैठकीच्या वहीत एवढं लिहून मी खाली रेघ मारली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. पुढं जे झालं त्यातलं वहीत फार काही नाही. 'सुभेदारांनी एक नवीन वस्तू दाखवली' असं एकच वाक्य आहे, आणि ते लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं की मागच्या पानावर वळ उठलाय.

आम्ही तिघं मूकपटांच्या जाहिराती जमवतो. बोलपट यायच्या आधी गावोगाव तंबू ठोकून सिनेमे दाखवत, तेव्हा वाटलेली हँडबिलं, कथासाराच्या चार पानी पुस्तिका, क्वचित एखादी काचेची स्लाइड. त्यातले बहुतेक सिनेमे आता जगात कुठंही शिल्लक नाहीत. राहिलाय तो हा कागद, आणि तोही कुणी जपून ठेवला म्हणून नाही, तर कुणाला तरी ट्रंकेच्या तळाशी अंथरायला किंवा पोथीला कव्हर घालायला कामाला आला म्हणून. सर निवृत्त झाल्यावर या नादाला लागले; त्यांना फक्त चित्रं बघायची असतात. सुभेदारांना सैन्यातून आल्यावर वेळ जात नव्हता. मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचं स्टोअर सांभाळते. दिवसभर बीकर आणि बर्नर मोजून झाल्यावर घरी येऊन कागद मोजते, असं माझा नवरा म्हणतो. त्याचं बरोबर आहे. माझ्या प्रत्येक कागदाला नंबर आहे, पारदर्शक पाकीट आहे आणि वहीत एक ओळ आहे.

सुभेदारांची आणि माझी ओळख सांगलीतल्या एका रद्दीच्या दुकानात झाली. एकाच गठ्ठ्याची दोन टोकं आम्ही दोघांनी धरली होती आणि सुतळी तुटली. कागद गोळा करता करता भांडण झालं, मग चहा झाला, आणि चहावर मी नियम केले. नियम केल्याशिवाय मला कुणाशी मैत्री जमत नाही. सातारा जिल्हा त्यांचा, सांगली माझी. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आलटूनपालटून एकमेकांकडे जमायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम बाजाराचा. वस्तू ज्यानं आधी उचलली तिच्यावर त्याचा हक्क. तो ती खाली ठेवून मोठ्यानं 'नको' म्हणत नाही तोवर दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा 'नको' म्हटलं की वस्तू मोकळी. मग जिल्हा कुठला, ते बघायचं नाही. नंतर कुरकुर करायची नाही.

हा नियम माझाच. बैठकीच्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे.

तर त्या रविवारी चहा झाल्यावर सुभेदार आत गेले आणि एक जुनी पत्र्याची ट्रंक घेऊन आले. त्यांचा सगळा संग्रह त्या काळ्या ट्रंकेत असतो. पाकिटं नाहीत, नंबर नाहीत. वर्तमानपत्राच्या घड्या, मध्ये कडुलिंबाचा पाला. मी कितीदा सांगितलं, निदान यादी तरी करा. "करतो की ताई," म्हणतात आणि करत नाहीत. आणि तरी गेल्या तीन वर्षांत चांगलं ते त्यांनाच मिळत गेलंय. मी पत्रं लिहिते, जुन्या छापखान्यांच्या वारसांना फोन करते, कवठे महांकाळपासून शिराळ्यापर्यंत कुणाच्या माळ्यावर काय आहे याची नोंद ठेवते. ते लग्नाला जातात आणि येताना हँडबिल घेऊन येतात.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी उलगडली. आत गुलाबी कागद होता.

मला अक्षरं दिसायच्या आधी रंग दिसला. घोड्यावर बसलेली बाई, हातात तलवार, मागं किल्ल्याचा बुरूज. वर मोठ्या अक्षरात सिनेमाचं नाव. ते नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की उद्या दहा जण शोधायला लागतील. एवढंच सांगते, माझ्याकडे 'हवंय' अशी एक यादी आहे. त्या यादीत हे हँडबिल एक नंबरला आहे. या सिनेमाची कथासाराची पुस्तिका माझ्याकडे आहे, आणि तिच्या शेवटच्या पानावर 'चित्रासाठी गुलाबी हस्तपत्रक पाहावे' असं छापलंय. अकरा वर्षं मी ते गुलाबी हस्तपत्रक शोधत होते. ते असेल की नाही हेही माहीत नव्हतं. ते होतं, आणि सुभेदारांच्या चहाच्या कपाशेजारी होतं.

"कुठं मिळालं?" मी विचारलं. आवाज ठीक होता असं नवरा नंतर म्हणाला. फक्त जरा वरच्या पट्टीतला होता.

"आवं, तुमच्याच गावात की!" सुभेदार खूश होते. "गेल्या म्हैन्यात तुमच्याकडं आलो न्हाई का, तवा त्या जुन्या बाजारात दत्ताचा फोटो घेतला बगा. हिला पायजे हुता. काच तडकलेली हुती, म्हनून घरी पक्कड घिऊन मागची फळी काडली. फळीच्या आत ह्यो."

सर खुर्चीतून पुढं सरकले. "तसबिरीच्या मागं अस्तर म्हणून घातलेला! वा. हवा नाही, ऊन नाही. रंग बघा बाई, कालचा छापल्यासारखा."

मी बघत होते. मी तसबिरीचाही विचार करत होते, कारण ती मला आठवत होती.

जानेवारीच्या त्या रविवारी बैठक माझ्याकडे होती. सुभेदार लवकरच्या बसनं आले, म्हणून आम्ही दोघं आधी जुन्या बाजारात फिरून आलो. एका पोत्यावर पितळेची भांडी, कुलपं आणि एक दत्ताची तसबीर होती. मी ती उचलली. मागं वळवली. मागची फळी खिळ्यांनी पक्की होती, कडेनं खाकी कागद डकवलेला. देवांचे फोटो घ्यायचे नाहीत असं मी ठरवलंय, कारण एकदा घरात आला की तो टाकता येत नाही, आणि आमच्या भिंतीवर जागा नाही. मी तसबीर खाली ठेवली आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं म्हणाले, "नको."

आता सुभेदारांसमोर मी पर्समधून बाजाराची छोटी वही काढली. बाजारात जे जे उचलते ते सगळं मी त्यात टिपते. पान सापडलं. 'दत्त, तसबीर, सागवानी, काच तडकलेली. नको.'

"बगू," सुभेदारांनी मान वाकडी करून वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "आवं ताई! लिवून ठेवलंय की! तुमी नको म्हनला, म्हनून तर मी घेतला."

"पण सांगलीत..." मी म्हणाले.

"बाई," सर म्हणाले. ते आमच्यातले पंच. "नको म्हटल्यावर जिल्हा बघायचा नाही. नियम तुमचाच आहे."

माझा नवरा छताकडे बघत होता. तो हसत नव्हता, पण न हसण्यासाठी त्याला कष्ट पडत होते.

मला त्यावेळी काय वाटलं ते स्पष्ट लिहिते. सुभेदारांचा कप कलंडावा असं वाटलं. त्यांनी बोटं पुसल्याशिवाय कागद उचलला तेव्हा मी ओरडले, "कडेनं धरा!" आणि त्यांनी लगेच कडेनं धरला, लहान मुलासारखं ऐकलं, त्याचाही मला राग आला. यादी न ठेवणाऱ्या माणसाला वस्तू मिळते आणि यादी ठेवणारीला तिची नोंद मिळते. हे मला नीट बघताही येईना, कारण ते सगळे माझं तोंड बघत होते.

मग सरांनी कागदाच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. "हे मात्र कापलंय."

खरंच होतं. फ्रेमवाल्यानं मापात बसवायला खालची पट्टी कापली होती. जरा तिरकीच. एका ओळीच्या मधूनच कात्री गेली होती. अक्षरांचे माथे आणि वरची रेघ राहिली होती, खालची अंगं गेली होती. आणि हँडबिलाच्या तळाशीच तर खरी माहिती असते. गाव कुठलं, तंबू कुठं, खेळ किती वाजता.

"म्हणजे कुठल्या गावचं ते कळणार नाही," मी म्हणाले. मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते वहीत नाही.

सर एप्रिलमध्ये एका वाचनालयाच्या हॉलमध्ये आमच्या तिघांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवणार आहेत. पंधरा वस्तू, पंधरा कार्डं. कार्डं मी लिहायची, कारण अक्षर माझं आणि यादी माझी. तोवर एक नंबरचं कार्ड माझ्या पुस्तिकेचं होतं. दाराशीच, काचेच्या पेटीत. त्या दिवशी सर सहज म्हणाले, "आता एक नंबरला हे घेऊ. पुस्तिका शेजारी ठेवू, जोड म्हणून."

जोड म्हणून. मी लिहून घेतलं.

जेवताना वहिनींनी मला तिसरी भाकरी वाढली. मी नको म्हणाले तरी वाढली. "काय झालं ताई? आज गप गप?" सुभेदार हात धुवायला उठले होते. वहिनी वाकून हळूच म्हणाल्या, "त्येंचं मनावर घिऊ नका. रातच्याला उठून उठून बगत्यात त्यो कागद. पोरं झाली तवा एवडं उठलं न्हाईत."

निघताना दाराआड ती जुनी फ्रेम उभी होती. फोटो नव्या फ्रेममध्ये गेला होता. वहिनींनी फ्रेम उचलली. "आवं, ही काय करायची? फेकायची का?"

"मला नको ती लाकडं," सुभेदार पायात चपला घालत म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले. सर तिथंच होते.

"मग ताईंना देते. सागवान हाय. तुमच्या याद्या लावायला हुईल की, फ्रिजवर चिकटवता त्या." त्या मनापासून देत होत्या. मला चिमटाच बसला. ज्याला कागद मिळाला त्यानं कागद घेतला, आणि मला चार पट्ट्या आणि एक फळी. नाही म्हणता येईना. घेतली.

परतीच्या वाटेवर कराड मागं पडलं. पेठनाक्याला चहाला थांबलो तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, एक कागद आहे तो."

"माहीत आहे."

"तुझ्याकडे दोनशे आहेत."

"दोनशे चौदा."

"मग?"

मी चहा घेतला. मागच्या सीटवर ती फ्रेम होती, वळणावर खडखडत होती.

पुढच्या शनिवारी दुपारी कॉलेजला सुट्टी होती. फ्रेम आठवडाभर बाल्कनीत पडली होती. पडलेली वस्तू मला बघवत नाही. एकतर वापरायची, नाहीतर द्यायची. म्हणून ओला फडका घेऊन कडेचा खाकी कागद काढायला बसले. जुने फ्रेमवाले धूळ आणि किडे आत जाऊ नयेत म्हणून फळीच्या कडेनं कागदाच्या पट्ट्या खळीनं डकवत. तीन बाजूंच्या पट्ट्या चुरा होऊन निघाल्या. चौथ्या बाजूला खाकी कागद सुटला आणि त्याखाली, फळीवरच चिकटलेली, आणखी एक पट्टी होती.

गुलाबी.

मी फडका ठेवला, हात धुतले, पुसले. आतून कापूस आणि कोमट पाणी आणलं. खळ भिजायला वीस मिनिटं दिली. घड्याळ लावून दिली, कारण घाई झाली असती. मग सपाट सुरीनं एका टोकापासून उचलत गेले. दोन बोटं रुंद, वीतभराहून जास्त लांब. अखंड आली. स्टोअरमधून आणलेल्या गाळणकागदांच्या मध्ये ठेवली आणि वर शब्दकोश ठेवला.

फ्रेमवाल्यानं कापलेली पट्टी फेकून दिली नव्हती. कशाला फेकेल? तीच कडेला डकवली. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

वाळल्यावर वाचली. मुक्काम सांगली. नदीकाठच्या पटांगणातला तंबू. रोज दोन खेळ. स्त्रियांना बसायला वेगळी सोय. आणि शेवटी एक ओळ, जी मी आजवर कुठल्याच हँडबिलावर पाहिली नव्हती : ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायला माणूस ठेवला आहे.

आम्ही असं ऐकून होतो. सर नेहमी म्हणायचे, असा माणूस असायचा म्हणे. छापील पुरावा आमच्यातल्या कुणाकडेच नव्हता.

मी मोबाइलवर सुभेदारांनी पाठवलेला हँडबिलाचा फोटो उघडला आणि पट्टीच्या वर धरला. लहानमोठा करत करत माप जुळवलं. तिरका काप तिरक्या कापाला बसला. त्यांच्याकडे अक्षरांचे माथे, माझ्याकडे पाय. ओळ पूर्ण वाचता आली.

नवरा मागं येऊन उभा होता. "हे तेच का?"

"हो."

"सांगितलंस त्यांना?"

"सांगते."

"कधी?"

"यादीत आहे," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. त्याच दिवशी मी यादीत लिहिलं : 'पट्टी. सुभेदारांना कळवणे.' त्याच्या वरच्या आणि खालच्या सगळ्या कामांवर आता खुणा झाल्यात. दळण आणलं, गॅसचा नंबर लावला, सासूबाईंचे चष्मे बदलून झाले. त्या एका ओळीवर खूण नाही.

नियमानं पट्टी माझी आहे. त्यांनी 'नको' म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, पंचांसमोर म्हटलं. हे मी मनात इतक्यांदा मांडलंय की आता ते फार गुळगुळीत झालंय. पण पट्टी कळवली की काय होणार तेही मला दिसतं. त्यांचा कागद पूर्ण होणार. पूर्ण कागदापुढं माझी दोन बोटांची पट्टी कोण बघणार? कार्डावर 'संग्रह : सुभेदार, सातारा' असंच राहणार, फार तर खाली बारीक अक्षरात माझं नाव. आणि नाही कळवली, तर त्यांचं चित्र बिनगावाचं राहतं आणि माझं गाव बिनचित्राचं.

परवा त्यांचा फोन आला.

"ताई, कार्डं झाली का वो?"

"होत आलीत."

"माज्या कार्डावर ठिकानाच्या जागी काय लिवलं?"

"अजून काही नाही."

"कराड लिवा. मी लय इचार केला. तंबूवाले कराडला येतच हुते. आमच्या थोरल्या चुलत्यांनी सांगितल्यालं मला. कराडच असनार."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मोठ्या पाकिटात, समोरच्या कपाटात, मुक्काम सांगली. मला फक्त 'बरं' म्हणायचं होतं. कार्डावर कराड लिहायचं, दाराशी लावायचं, येतील त्यांना सुभेदार चुलत्यांची गोष्ट सांगणार, आणि मग भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, मी पाकीट उघडणार. हे चित्र मला अगदी स्पष्ट दिसलं. मी कुठली साडी नेसणार तेही दिसलं.

"अंदाजानं लिहायचं नाही असं आपलं ठरलंय," मी म्हणाले.

"व्हय व्हय. तुमी म्हनाल तसं. पन बिनगावाचं बरं दिसत न्हाई ओ. मानूस बिनगावाचा असतोय का कवा?" मग म्हणाले, "ती फ्रेम उपेगी पडली का?"

"हो," मी म्हणाले. "पडली."

मागून वहिनींचा आवाज आला, "त्यांना म्हनावं, दत्ताचा फोटो नव्या फ्रेमीत लय झ्याक दिसतोय. याल तवा दर्शन घ्या म्हनावं."

फोन ठेवून मी टेबलाशी बसले. कार्डांचा गठ्ठा पुढं होता. सुभेदारांच्या कार्डाला पेन लावलं आणि परत उचललं. कराड लिहिलं नाही, एवढं खरं. सांगलीही लिहिलं नाही.

उद्या मार्चचा दुसरा रविवार. ठिकाण : सांगली, माझं घर. सर प्रदर्शनासाठी कार्डं घेऊन जाणार आहेत. बैठकीच्या वहीत तारीख आणि ठिकाण आजच घालून ठेवलंय. हजरचा रकाना आल्यावर भरीन. दूध सांगून झालंय, खुर्च्या पुसून झाल्यात, वहिनींना चटणी लागते म्हणून शेंगदाण्याची जास्त केलीय. दोन ते पंधरा नंबरची कार्डं रबर लावून तयार आहेत.

एक नंबरचं कार्ड बाहेर आहे. वस्तू लिहिली, रंग लिहिला, माप लिहिलं, संग्रह सुभेदार, सातारा, हेही लिहिलं. ठिकाणाची ओळ कोरी आहे.